कासवाची शीतनिद्रा: झोपवण्याआधी काय बघायचं, किती थंडी द्यायची आणि कधी उठवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६ वर्षांचं हरमन जातीचं कासव, वजन ७०० ग्रॅम, पाठीच्या कवचाची लांबी १५ सेंटिमीटर. आतापर्यंतचे सगळे हिवाळे त्याने ऊब देणाऱ्या दिव्याखाली जागं राहून काढले. यंदा दिवस लहान व्हायला लागल्यापासून खाणं निम्म्यावर आलंय आणि दिवसभर कोपऱ्यात बसून असतं. त्याला झोपायचंच असेल तर खोक्यात पेंढा घालून घरातल्या थंड खोलीत ठेवलं तर चालेल का? आणि कासवं फ्रिजमध्ये ठेवतात म्हणतात, ते खरं की थट्टा?

फ्रिजचं खरं आहे. माझ्याकडची शीतनिद्रा घेणारी सगळी कासवं हिवाळा फ्रिजमध्येच काढतात. उलट जो पर्याय तुम्हाला साधा आणि नैसर्गिक वाटतोय, ती घरातली थंड खोली, तोच सगळ्यात घातक आहे. मी पाहिलेल्या बिघडलेल्या शीतनिद्रांमध्ये कडाक्याच्या थंडीपेक्षा अर्धवट थंडीने जास्त नुकसान केलं आहे. त्या खालोखाल नंबर लागतो पोटात अन्न असताना किंवा आजार असताना झोपवण्याचा.

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. भोवतालचं तापमान जितकं, जवळपास तितकंच त्याच्या शरीराचं. ५ अंश सेल्सिअसला हृदयाचे ठोके, श्वास, पचन सगळं इतकं मंदावतं की अंगातल्या साठ्यावर कित्येक आठवडे निभतात. १० अंशांच्या वर गेलं की शरीर जागं व्हायला लागतं आणि साठा भराभर खर्च होतो, पण खाऊन पचवण्याइतकी ऊब मात्र मिळत नाही. हिटर नसलेली खोली साधारण १० ते १५ अंशांच्या मध्येच घुटमळते. अशा खोलीत कासव धड झोपतही नाही आणि धड जागतही नाही. वरून शांत दिसतं, त्यामुळे आपल्यालाही वाटतं की सगळं ठीक चाललंय. दोन-तीन महिन्यांनी उचलल्यावर ते हाताला हलकं लागतं, डोळे खोल गेलेले असतात आणि अन्नाकडे बघत नाही.

म्हणून तापमान ३ ते ७ अंशांमध्ये हवं, नेम ५ वर. शून्याखाली गेलं तर डोळ्यांना आणि मेंदूला इजा होते; वाचलेलं कासव आंधळं होतं किंवा मान वाकडी करून गोल गोल फिरत राहतं. हा ३ ते ७ चा पट्टा तुम्ही सलग काही आठवडे राखू शकत असाल तर शीतनिद्रा द्या, नसाल तर देऊ नका. मधला मार्ग नाही.

आता जातीचं. हरमन, ग्रीक, मार्जिनेटेड आणि रशियन (म्हणजेच हॉर्सफील्ड) ही कासवं निसर्गात शीतनिद्रा घेतात. ग्रीक कासवांमध्येही उत्तर आफ्रिकेकडच्या काही उपजाती फार थोडा काळ झोपतात किंवा झोपतच नाहीत, त्यामुळे तुमचं ग्रीक नेमकं कुठलं हे माहीत नसेल तर जोखीम घेऊ नये. स्टार, लेपर्ड, सल्काटा, रेडफूट आणि इजिप्शियन या जातींना शीतनिद्रा नाही. त्यांना थंडीत झोपवणं म्हणजे मारणं. पाण्यातल्या कासवांचं गणित पूर्ण वेगळं आहे. खाली लिहिलेलं त्यांना लावू नका. तुमचं हरमन आहे, म्हणजे जातीची अडचण नाही.

अडचण आहे ती खाणं कमी होण्याचा अर्थ लावण्यात. उजेडाचे तास कमी झाले की ही कासवं आपोआप मंदावतात. दिव्याखाली ठेवली तरी खिडकीतून त्यांना ऋतू कळतो. पण आजारी कासवही अगदी असंच वागतं. ‘खात नाही, म्हणजे झोपायची वेळ झाली’ हा निष्कर्ष फार लोक काढतात, आणि न्यूमोनिया झालेलं कासव फ्रिजमध्ये जातं. थंडीत त्याची प्रतिकारशक्ती जवळपास बंद पडते, जंतू मात्र पूर्ण थांबत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. आठवडाभर दिवा १२-१३ तास चालू ठेवा, दिव्याखालची जागा ३०-३२ अंश येऊ द्या, यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा) दिवा जुना झाला असेल तर बदला, रोज कोमट पाण्यात बसवा. ऋतूचा परिणाम असेल तर बहुधा दोन-चार दिवसांत भूक सुधारते. नाही सुधारली तर यंदा शीतनिद्रेचा विचार सोडा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा.

भूक सुधारली तरी पशुवैद्याकडे जायचंच आहे, झोपवण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी. काही निघालं तर उपचार करून परत अंग भरायला तेवढा वेळ लागतो. ताज्या विष्ठेचा नमुना सोबत न्या, जंत तपासता येतात. जंत निघाले तर औषध पशुवैद्यच ठरवतील. तुम्हाला एवढं माहीत असू द्या की आयव्हरमेक्टिन हे इतर जनावरांना देतात ते जंतनाशक कासवाला विषासारखं आहे. कुत्र्यासाठी घरात आणलेलं जंतनाशक ‘थोडंसं’ म्हणून कासवाला देऊ नका. आणि कुणी ‘झोपण्याआधी अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मारून घ्या’ म्हणालं तर नको म्हणा. कमतरता नसताना दिलेल्या या इंजेक्शनने कातडी सोलून निघालेली कासवं मी पाहिली आहेत.

घरच्या घरीही बरंच कळतं. नाकातून पाणी किंवा बुडबुडे, सुजलेल्या पापण्या, श्वासाबरोबर किर्र आवाज, कानाच्या पडद्याच्या जागी गोल फुगवटा (तो बहुधा गळू असतो), तोंडात पिवळट चिकट थर, जीभ गुलाबी नसणं. यातलं एकही दिसलं तर झोपवायचं नाही.

वजनाबद्दल. लांबी मोजताना टेप पाठीवरून वळवू नका. दोन पुस्तकं उभी धरून त्यांच्या मध्ये कासव ठेवा आणि पुस्तकांमधलं सरळ अंतर मोजा. ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्यांनी लांबी आणि वजन यांचा मेळ घालणारा तक्ता केला होता, तो अजूनही सगळीकडे फिरतो. तो फक्त ग्रीक आणि हरमन कासवांवरून केलेला आहे, रशियन किंवा मार्जिनेटेडला लावू नये. १५ सेंटिमीटरला ७०० ग्रॅम हे त्या हिशोबाने ठीक आहे. पण मी तक्त्यावर फार विसंबत नाही. पोटात अंडी, खडे किंवा सूज असेल तरी काट्यावर आकडा चांगलाच येतो. मागच्या पायांच्या खोबणीत बोट लावून बघा: मांस भरीव लागायला हवं, खोलगट किंवा चरबीच्या थैल्यांसारखं लिबलिबीत नको.

हे सगळं जमलं की मग उपास. शीतनिद्रेतला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पोट रिकामं आणि मूत्राशय भरलेलं, अशा स्थितीत कासव झोपलं पाहिजे. थंडीत पचन थांबतं, पण आतड्यात राहिलेला पाला कुजत राहतो, वायू धरतो, आणि त्यातले जिवाणू रक्तात उतरतात. १५ सेंटिमीटरच्या कासवाला साधारण ३ आठवडे अन्न बंद ठेवावं लागतं. हाताच्या तळव्यात मावणाऱ्याला २ पुरतात, मोठ्या धुडाला ४ लागतात.

इथे बरेच जण उलटं करतात. अन्न बंद केल्याच्या दिवशीच दिवाही बंद करतात. मग आतडं रिकामं होणार कसं? पचन पुढे सरकायला ऊब लागते. पहिला आठवडा दिवा जवळपास नेहमीसारखा ठेवा, फक्त अन्न नाही. दुसऱ्या आठवड्यात दिव्याचे तास हळूहळू कमी करत निम्म्यावर आणा. तिसऱ्यात दिवा पूर्ण बंद होईपर्यंत कमी करा आणि शेवटचे दोन-तीन दिवस कासवाला १०-१२ अंशांच्या जागी ठेवा. तुमची ती थंड खोली इथे उपयोगी पडेल, पण फक्त एवढ्याच दिवसांपुरती. या पूर्ण काळात रोज वीस मिनिटं उथळ तसराळ्यात, हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवा. विष्ठा आणि पांढरी खडूसारखी लघवी बाहेर पडते, आणि ते पाणी पिऊन मूत्राशय भरून घेतं. तेच पाणी त्याला पुढचे सगळे आठवडे पुरवायचं आहे. शीतनिद्रेत कासव मूत्राशयातलं पाणी परत शरीरात शोषून घेतं.

उपासाच्या काळात ते केविलवाणं होऊन भांड्याशी येऊन थांबेल. विरघळू नका. पंधराव्या दिवशी ‘एकच पान’ दिलंत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

फ्रिजसाठी वेगळा छोटा फ्रिज हवा, फ्रीझरचा कप्पा नसलेला. खाण्याच्या फ्रिजमध्ये नको: कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, शिवाय तो फ्रिज दिवसातून वीस वेळा उघडला जातो. कासव ठेवण्याच्या किमान दोन आठवडे आधी फ्रिज चालू करा, आत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा आणि तापमान बसवत आणा. बाटल्यांमुळे आतलं तापमान स्थिर राहतं, वीज गेली तरी काही तास हलत नाही. फ्रिजच्या बटणावरच्या आकड्यावर जाऊ नका. वायरचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेला, किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या आणि प्रोब कासव जिथे असेल नेमका तिथेच, खोक्याच्या आत ठेवा. एकाच फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला १ अंश आणि दाराशी ७ अंश असं सहज सापडतं. खोकं मागच्या भिंतीला टेकवू नका.

खोकं कासवापेक्षा थोडंसंच मोठं, भोकं पाडलेलं. आत कागदाच्या कातरणी किंवा खत-औषध नसलेली, किंचित ओलसर माती. रशियन कासवाला खणायची सवय असते, त्याला माती द्याच. पेंढा आणि गवत मात्र नको. त्यावर बुरशी धरते, तिचे कण फुप्फुसात जातात, आणि महिनोन् महिने मंद श्वास घेणाऱ्या प्राण्याला ते झटकता येत नाहीत. आपोआप बर्फ वितळवणारा, पंखा फिरणारा फ्रिज असेल तर आतली हवा कोरडी होते, अशा वेळी मातीच बरी. रोज एकदा, निदान दिवसाआड, दार उघडून दोन-चार वेळा हलवा म्हणजे हवा बदलते. घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. डबा समजून कुणी बाहेर काढून ठेवायला नको.

खोक्यात खोकं ही जुनी पद्धत मी टाळते. दोन खोक्यांमध्ये थर्माकोल भरला तरी तो तापमानाचा बदल फक्त लांबवतो, थांबवत नाही. बाहेर सलग आठवडाभर उबदार हवा पडली की आतही पडतेच. त्यातून गॅरेज किंवा शेड असेल तर उंदरांचं भय. हालचाल करू न शकणाऱ्या कासवाचे पाय उंदरांनी कुरतडल्याची उदाहरणं आहेत.

पहिल्यांदाच झोपवताय, तर लांबवू नका. ६ वर्षांचं असलं तरी त्याच्या शरीराला हा पहिलाच अनुभव, शिवाय तुम्हालाही. पहिल्या हिवाळ्यात ४ ते ६ आठवडे भरपूर झाले. पुढच्या वर्षी सगळं नीट गेलं तर ८, मग १०-१२. पूर्ण वाढलेली निरोगी कासवं यापेक्षा जास्त झोपतात, पण जास्त झोपवून मला तरी काही जादा फायदा दिसलेला नाही. उठायचा दिवस आधीच ठरवा आणि उलटा हिशोब करून उपासाची सुरुवात मांडा.

झोपलेल्या कासवाला हात लावला तर ते दचकून मरतं, असा एक समज आहे. चूक. कासवाला तापमान उठवतं, हात नाही. आठवड्यातून एकदा काढून वजन करायचंच. फ्रिजमध्ये ठेवताना ग्रॅमपर्यंत वजन लिहून ठेवा आणि दर वेळी त्याच काट्यावर करा. हाताला ते नदीतल्या गोट्यासारखं थंडगार लागेल. मागच्या पायाला बोट लावा: लगेच नाही, पण दोन-तीन सेकंदांनी पाय अगदी सावकाश आत ओढला जातो. तेवढं पुरे. शेपटीखालचा कागद चाचपून बघा, कोरडा असायला हवा. नाक आणि डोळे बघा, दोन मिनिटांत परत आत.

महिन्याला साधारण १ टक्का वजन घटणं ठीक. तुमच्या कासवाच्या बाबतीत म्हणजे महिन्याला ७ ग्रॅम. एका आठवड्यात दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, काटाही तेवढा हलतो. पण घट वेग धरतेय असं दिसलं तर वाट बघू नका. एकूण १० टक्के, म्हणजे ६३० ग्रॅमचा आकडा येईपर्यंत थांबणं उशिराच ठरतं. मी ६६० च्या आसपासच उठवलं असतं.

कागद ओला लागला आणि वजन एकदम खाली आलं, तर त्याने लघवी केली आहे. त्याच दिवशी उठवा. पाण्याचा साठा गेला, आता झोपेत ते सुकत जाईल. नाकातून पाणी, पोटाकडच्या कवचावर लालसर डाग, किंवा तापमान १० च्या वर जाऊन कासव डोळे उघडून पाय मारतंय, यापैकी काहीही झालं तरी तेच. आणि एकदा पुरतं जागं झालेलं कासव पुन्हा झोपवायचं नाही. उरलेला हिवाळा त्याने दिव्याखाली काढायचा.

ठरलेल्या दिवशी खोकं बाहेर काढून काही तास खोलीच्या तापमानाला राहू द्या. हालचाल सुरू झाली की दिव्याखाली, आणि अंग गरम झाल्यावर कोमट पाण्यात. हे पहिलं स्नान अन्नापेक्षा महत्त्वाचं आहे. झोपेत रक्तात युरिया साठत जातो, आणि भूक मारणाऱ्या गोष्टींत तोही एक. तो बाहेर पडायला पाणी लागतं. निरोगी कासव मान लांब करून नाक पाण्यात बुडवतं आणि गळ्याची कातडी लयीत हलत राहते. हे कधी कधी पाच-पाच मिनिटं चालतं. प्यायलं नाही तर संध्याकाळी पुन्हा बसवा, आणि पुढचा आठवडाभर रोज.

उठल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांची तरतरी मात्र फसवी असते. ऊब मिळाली की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, त्या जोरावर कासव चालतं-फिरतं. या काळात त्याला भरपूर उजेड, दिव्याखाली ३०-३२ अंश आणि पाणी मिळालं तर भूक लागते. ‘बाहेर ऊन आहे’ म्हणून गार वाऱ्यात अंगणात सोडलं तर ती साखर संपते आणि कासव पुन्हा मलूल होतं, या वेळी साठा नसताना. म्हणून निदान दोन आठवडे घरात, दिव्याखालीच. तोंड उघडून जीभ बघा. शीतनिद्रेनंतर रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतात, तोंडात जंतुसंसर्ग पटकन धरतो. बहुतेक कासवं दोन ते पाच दिवसांत खायला लागतात. ७ दिवसांत एक घासही खाल्ला नाही तर पशुवैद्याकडे न्या. घरी बळेच तोंडात काही कोंबू नका.

आणि यंदा हे सगळं जमणार नसेल, तर मागच्या हिवाळ्यांप्रमाणे जागंच ठेवा. एक हिवाळा न झोपल्याने हरमनचं काही बिघडत नाही, मात्र जागं ठेवायचं तर पुरतं जागं: १२-१४ तास उजेड, यूव्हीबी, दिव्याखाली ३० च्या वर, आणि त्याच्या डोळ्याला खिडकीतला मावळता उजेड दिसणार नाही अशी जागा. खाणं निम्म्यावर ठेवून कोपऱ्यात बसलेलं कासव हे जे सध्या तुमच्याकडे चाललंय, ते तेवढं आजच थांबवा.